चित्र हलले की पोरांचे?

पडद्यावर जुन्या धाटणीचे एक थिएटर आहे आणि त्या थिएटरात पिक्चर चालू आहे. हीरोने गुंड लोळवले आहेत, हिरॉइन जवळ आली आहे, पुढचे काय ते आख्ख्या थिएटरला ठाऊक आहे, आणि नेमके तिथेच चित्र उडी मारून पुढे जाते. सेन्सॉरची कात्री. पब्लिक खवळते. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ असा सुरू होतो. मला ही सुरुवात खट्याळ वाटते. ज्या चित्रपटाला पुढचा दीड तास प्रेक्षकाच्या धीराची परीक्षा घ्यायची आहे, त्याने पहिल्याच दृश्यात प्रेक्षकालाच आरशापुढे उभे केले आहे: तुम्हाला काय हवे असते ते मला माहीत आहे, आणि ते मी देणार नाही.

हा चित्रपट हाताने रंगवलेला आहे. रंगवला संगणकाच्या पाटीवर, पेनने. पण प्रत्येक चौकटीवर माणसाचा हात फिरला आहे. साठेक चित्रकार दीड वर्ष त्यावर बसले होते. गीतांजली राव मुंबईच्या जे. जे.च्या विद्यार्थिनी. अ‍ॅनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत शिकल्या, रंगभूमीवर पंडित सत्यदेव दुबे यांच्याबरोबर काम केले. २००६ साली त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात गौरवला गेला: मुंबईतल्या करड्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि तिच्या काडेपेट्यांच्या छापांमागे उघडणारी रंगीत जगे. बहुतेक प्रेक्षकांना मात्र राव ओळखू येतात त्या ‘ऑक्टोबर’ (२०१८) या हिंदी चित्रपटातल्या मुलीच्या आईच्या भूमिकेमुळे. ‘बॉम्बे रोझ’ २०१९ साली व्हेनिसच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता.

तिथे टाळ्या पडल्या. आमच्याकडे तो आला ८ मार्च २०२१ रोजी, नेटफ्लिक्सवर. त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे अंशतः लॉकडाऊन लागला. मंगल कार्यालये बंद, माणसे घरात. म्हणजे मोठ्या पडद्यासाठी काढलेली ही हजारो चित्रे इथे भेटली ती दिवाणखान्यातल्या टीव्हीवर नाहीतर हातातल्या मोबाइलवर, आणि मध्येच कुकरची शिट्टी. या चित्रपटाबद्दल जे काही बोलले जाते त्याचा हिशेब करताना ही गोष्ट आधी लिहून ठेवली पाहिजे.

पुढे सवडीने मी सिडकोतल्या आमच्या घरी माणसे गोळा करून तो पुन्हा पाहिला. शेजारचे निवृत्त बँक अधिकारी काका, एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई, माझी मावशी, नववीतला भाचा. भाच्याला बोलावलेले नव्हते; ‘कार्टून आहे’ एवढे कानावर पडल्यावर तो आपणहून येऊन बसला. दहाव्या मिनिटाला उठला. काकांनी विसाव्या मिनिटाला विचारले, ‘‘यात पुढं काय होणारे का?’’ मग आणखी थोड्या वेळाने त्यांनी खरा प्रश्न टाकला: ‘‘एवढी चित्रं काढत बसण्यापेक्षा सरळ शूटिंग का नाही केलं?’’

मावशी बोलत नव्हती. ती फुले पाहत होती.

कथा सांगण्यासारखी आहे, पण तिच्यासाठी कोणी हा चित्रपट पाहू नये. बालविवाहातून सुटून मुंबईला आलेली कमला दिवसा फुले विकते, रात्री डान्स बारमध्ये नाचते. धाकटी बहीण आणि म्हातारे आजोबा तिच्यावर अवलंबून. समोर सलीम आहे, काश्मीरमध्ये आईबाप गमावलेला, सिनेमाचा वेडा. तो कबरस्तानात वाहिलेली फुले उचलून सिग्नलवर विकतो. तिसरी शर्ली डिसोझा, जुन्या जमान्यातली नटी, आता लहान पोरींना इंग्रजी शिकवणारी. शिवाय दुबईला पाठवू पाहणारा दलाल, पोलिसांच्या धाडीत सापडणारी कामकरी पोरे, आणि अनुराग कश्यप यांच्या आवाजातला राजा खान नावाचा फिल्मी हीरो. मकरंद देशपांडे, गीतांजली कुलकर्णी हे आपले ओळखीचे आवाजही आहेत.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर शर्लीच्या चालण्यात आहे. म्हातारी रस्त्याने चालली आहे, आजची मुंबई, आजची गर्दी. ती चालता चालता रंग विटत जातात. गाड्या विरघळतात, दुकानांच्या पाट्या बदलतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कृष्णधवल मुंबई उभी राहते, तिच्या तारुण्यातली. कट नाही, फ्लॅशबॅकची धून नाही. तीच बाई, तीच चाल. फक्त शहर तिच्या आठवणीप्रमाणे वागू लागते. हे कॅमेऱ्याला जमणार नाही असे नाही, पण मग ती करामत दिसली असती. इथे करामत दिसत नाही, कारण आधीचा रस्ताही रंगवलेलाच होता. कमलाच्या स्वप्नांत तसेच होते: रस्ता संपतो आणि मुघल लघुचित्रांतली बाग, घोडा, सज्जा सुरू होतो. राजा खानच्या जगात ट्रकच्या पाठीवरचे भडक रंग येतात. ज्याची त्याची कल्पना ज्याच्या त्याच्या चित्रशैलीत. चित्रकलेच्या बाई इथे खुर्ची पुढे ओढून बसल्या, आणि काका मोबाइलकडे वळले.

हे काही आमच्या घरापुरते नाही. चित्रपट जिथे जिथे दाखवला गेला तिथल्या समीक्षकांतही ही फाळणी दिसते. चित्रे अप्रतिम, हे सगळ्यांना मान्य. गोष्ट रेंगाळते, फाटे फार, हेही बऱ्याच जणांचे म्हणणे. दुसऱ्या आक्षेपाचा अर्धा भाग मला पटतो. पण आपल्याकडे त्याच्याही आधी एक आक्षेप असतो. तो बोलला जात नाही, थेट अमलात येतो: रिमोट पोरांच्या हाती देणे. चित्र हलते आहे ना, मग ते पोरांचे.

ही समजूत मराठी घरात यावी याचे मला नवल वाटते, कारण चित्र हलत नसेल तर आपण असे कधीच मानत नाही. वाचकहो, तुमच्या हातात आत्ता दिवाळी अंक आहे. याच परंपरेत दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे झाली, आणि ती पाहायला अंक आधी कोणाच्या हाती जातो यावरून घरात भांडणे झाली. शि. द. फडणीस यांनी ‘हंस’च्या मुखपृष्ठावर हास्यचित्र आणले, मग ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे एकही शब्द न लिहिता मोठ्या माणसांना हसवत राहिली. वसंत सरवट्यांच्या रेषेवाचून पुलंची पुस्तके डोळ्यांपुढे येतच नाहीत. चाळिशीतला, साठीतला माणूस एका हास्यचित्रापाशी दोन मिनिटे थांबतो, कोपऱ्यातली मांजर शोधतो, शेजाऱ्याला दाखवतो. त्याला कोणी म्हणत नाही की हे काय पोरांचे पाहतोस. तेच चित्र हलू लागले की माणूस वय आठवतो.

ही सवय जुनीसुद्धा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली, काड्या एकेक चौकट सरकवून हलवल्या, ती थिएटरात बसलेल्या सगळ्यांसाठी. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ काढला. आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचे कार्टून युनिट उभे राहिले, तेव्हा त्याचा प्रेक्षक बहुतांशी प्रौढच होता: कुटुंब नियोजन, बचत, राष्ट्रीय एकात्मता. मुख्य पिक्चरआधी सरकारी रीळ दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते. लोक तेवढ्यात बिडी ओढून घेत, हा भाग वेगळा. पण कार्टून म्हणून पोरांना आत ढकलून आपण बाहेर थांबावे, असे कोणाच्या मनात आले नसेल. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) मुलांसाठी होता खरा. तो पाठ मात्र मोठ्यांचा झाला. घडी बदलली ती टीव्हीने. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आला, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क, २००८ मध्ये छोटा भीम. तीस वर्षांत ठरून गेले: अ‍ॅनिमेशन म्हणजे पोराला जेवताना लावून द्यायची वस्तू. तिने पळाले पाहिजे, आपटले पाहिजे, दर चार सेकंदांनी काहीतरी झाले पाहिजे, नाहीतर घास तोंडातच राहतो.

२०२५ च्या पावसाळ्यात ‘महावतार नरसिंह’ला सहकुटुंब गर्दी झाली, तेव्हा काहींना वाटले की ही भिंत पडली. मला तसे वाटत नाही. तो देवाच्या गोष्टीला मिळालेला प्रतिसाद होता, आणि त्या चित्रपटाला वेगाचे वावडे नव्हते. देव नाही, युद्ध नाही, विनोद नाही, नुसती फुले विकणारी बाई आहे आणि तरी ती काढलेली आहे, हे पचणे अजून व्हायचे आहे.

‘संथ’ या तक्रारीला आमच्या शहरात आणखी एक अडचण आहे, आणि ती शंभर किलोमीटरवर डोंगरात कोरलेली आहे.

अजिंठ्याला जाणारा माणूस फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावतो, बस पकडतो, पायऱ्या चढून दमतो आणि पहिल्या लेण्याच्या दाराशी चपला काढतो. आत अंधार. पहिली काही मिनिटे काही दिसत नाही, हे खरे तर तिथल्या पाहण्याचे पहिले प्रकरण आहे. मग पद्मपाणी दिसतो. फोटो फ्लॅशशिवाय निघतो, तो काळा येतो, पुढची बॅच आत येते, माणूस बाहेर. बहुतेकांचा अजिंठा एवढाच. पण सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात जो थांबतो, त्याला विश्वंतर जातक दिसते. राजपुत्र पत्नीसह महालात बसला आहे, वनवासाची बातमी तिला सांगतो आहे. त्याच भिंतीवर, मध्ये कुठलीही चौकट न घालता, तेच दोघे छत्राखालून बाहेर पडलेले आहेत. एकच माणूस एकाच भिंतीवर दोनदा, तीनदा. चित्र जागचे हलत नाही. पाहणाऱ्याची नजर सरकते आणि राजपुत्र चालू लागतो. कुठल्या वेगाने चालावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. शर्लीच्या रस्त्यात आणि या भिंतीत मला एकच युक्ती दिसते: काळ बदलायला चौकट बदलावी लागत नाही.

हा दुवा मी ओढूनताणून लावत नाही. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या त्या कार्टून युनिटला शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतातला, मिशनऱ्यांच्या घरातला. डिस्नेच्या ‘बाम्बी’वर त्यांनी काम केले होते. हरणाच्या पाडसावर हात बसलेला हा माणूस मुंबईत आला आणि १९५७ मध्ये युनिटने पहिला मोठा चित्रपट काढला तो पुन्हा हरणाचाच: ‘द बनियन डियर’, जातकातली गोष्ट, आणि तिची रेषा अजिंठ्याच्या भिंतींवरून उचललेली. गो. कृ. गोखले, राम मोहन ही माणसे त्याच युनिटमधली. राम मोहन यांच्या हाताखाली पुढे गीतांजली राव शिकल्या. म्हणजे अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या वळणावरून निघालेली ही वाट फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडमार्गे ‘बॉम्बे रोझ’पर्यंत आली आहे.

आणखी मागे जायचे तर जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ ते १८८५ या काळात ते विद्यार्थ्यांना घेऊन हंगामाहंगामाला अजिंठ्याला येत आणि भिंतींवरची चित्रे हाताने उतरवून घेत. त्या नकलांतल्या कितीतरी लंडनमध्ये आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत काढलेल्या नकलाही १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. नक्कल करायलासुद्धा तेरा वर्षे! आपल्याला दीड तास जड जातो.

हाताने काढणे म्हणजे काय, याचा साधा हिशेब करून पाहा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींना चालवले, तर सेकंदाला १२ चित्रे. मिनिटाला ७२०. दीड तासाला ६४,८००. व्हॅन गॉगवरचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ (२०१७) हा तैलरंगात रंगवलेला चित्रपट याच घरातला: सुमारे ६५,००० चौकटी, सव्वाशे चित्रकार. धंद्यातली माणसे मुख्य चित्रांना ‘की’ म्हणतात आणि मधली भरणाऱ्याला ‘इनबिटवीनर’. हात उचलला, हात खाली आला, ही दोन चित्रे दिग्दर्शक पाहतो. मधला प्रवास जो काढतो त्याचे नाव सहसा कोणी वाचत नाही. प्रत्येक चौकट नव्याने रंगवली की रंग तंतोतंत जुळत नाही. भिंत स्थिर असली तरी तिच्यावरचा कुंचल्याचा फटकारा किंचित लुकलुकतो. ‘बॉम्बे रोझ’मध्ये हे सतत होत असते. भाच्याला ते टीव्हीचा बिघाड वाटला. बाईंना त्यात माणसे बसलेली दिसली.

आणि तरीही, चित्रपट संथ आहे हे मला मान्य नाही. तो गर्दीचा आहे. कमला, सलीम, शर्ली, बहीण, मुका पोरगा, दलाल, घड्याळवाला, काश्मीर, बालविवाह, बालमजुरी, डान्स बार. एकेका विषयाला एकेक चित्रपट पुरला नसता. राव यांना मुंबईतले काही सोडवत नाही. त्यामुळे गंमत अशी होते की जिथे गोष्ट वेगाने पुढे जाते, तिथे प्रेक्षक कंटाळतो, कारण त्याला कुणाशी नाते जोडायला वेळच मिळालेला नसतो; आणि जिथे काहीच होत नाही, पाऊस पडतो, मांजर अंग चाटते, कोणी माळ ओवते, तिथे खोलीतली बोलणी थांबतात. आमच्याकडे नेमके हेच झाले. मावशी एकदाच बोलली, माळ ओवताना: ‘‘हात बरोबर काढलाय गं.’’ धाडीच्या दृश्यात ती उठून कढीला फोडणी द्यायला गेली.

तेव्हा काका ज्याला संथ म्हणत होते ते बहुधा दुसरेच काही होते. कथानकाचे फाटे त्यांना रोजच्या मालिकेत चालतात. तिथे एक मुलगी तीन भाग जिना उतरते आणि काकांची तक्रार नसते. कारण मालिकेत कुठे पाहायचे ते ढोल वाजवून सांगतात. इथे सांगत नाहीत. चित्राच्या कोपऱ्यातही कोणीतरी काहीतरी करत असते आणि ते महत्त्वाचे आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

जपानी प्रेक्षकाला हे शिकवावे लागले नाही. इसाओ ताकाहाता यांचा ‘ओन्ली यस्टरडे’ हा १९९१ मधला चित्रपट सत्तावीस वर्षांच्या एका नोकरदार बाईच्या शाळकरी आठवणींचा. त्यात कोणी मरत नाही. त्या वर्षी जपानी चित्रपटांत सर्वाधिक कमाई त्याची झाली. तिथे मोठी माणसे लोकलमध्ये चित्रकादंबऱ्या वाचत मोठी झालेली. आपलीही झाली होती, दिवाळी अंकांवर. फक्त आपली चित्रे पानावरच थांबली.

मग हा प्रेक्षक शहरात आहे तरी कुठे? आहे. जानेवारीच्या आगेमागे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याचा जीवनगौरव पद्मपाणीच्या नावाने दिला जातो, चित्रपटाचा पुरस्कार कैलास लेण्याच्या. प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर पाच दिवस गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसे रांगा लावतात: प्राध्यापक, नाटकवाली पोरे, बीड-जालन्याहून एस.टी.ने आलेले हौशी, निवृत्त जोडपी. त्यांच्यापुढे कझाक नाहीतर फारसी भाषेतला, दोन तासांत तीन वाक्ये बोलणारा चित्रपट लावला तरी ती उठत नाहीत. यामागे एक कारण अगदी व्यवहारी आहे: महोत्सवात इंटरव्हल नसतो. एरवीच्या खेळात प्रेक्षक अर्ध्या वाटेवर बाहेर पडतो, समोसा घेतो आणि ‘कसा वाटतोय’ हा निकाल तिथेच लागतो. संथ चित्रपटाचा खून बहुतेक वेळा त्या दहा मिनिटांत होतो. न थांबता पाहिले की पहिली चाळीस मिनिटे चुळबुळ होते, मग डोळ्यांचा वेग उतरतो आणि पुढे चित्रपट आणि प्रेक्षक एकाच चालीने चालू लागतात. घरच्या टीव्हीवर दर पाच मिनिटांनी इंटरव्हल असतो. म्हणून प्रौढांसाठी हाताने काढलेल्या चित्रपटांचे दोन-तीन खेळ अशा महोत्सवात मोठ्या पडद्यावर, लघुपटांच्या पोतडीत न कोंबता, स्वतंत्र लावायला हवेत असे मला वाटते. शहरात सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पहिल्या दोन रांगा तिथूनच भरतील. काका येतील की नाही सांगता येत नाही. ओळखपत्र मिळाले तर येतील.

आमच्या घरचा खेळ संपला तेव्हा खोलीत तिघेच होते. बाईंना शेवट फार करुण वाटला आणि त्याहून जास्त, घाईचा. मावशीला कमलेच्या आजोबांची काळजी लागून राहिली. ‘‘म्हाताऱ्याचं पुढं कोण बघणार?’’ हे तिने जेवतानाही विचारले.

भाच्याने मात्र दुसऱ्या दिवशी तो चित्रपट पुरा केला, मोबाइलवर, तासाभरात. दीड तासाचा पिक्चर तासात कसा, म्हणून विचारले तर म्हणाला, दीडपट वेगाने लावला. नेटफ्लिक्सवर तशी सोय आहे. घोडा भराभर पळतो, शर्ली तुरुतुरु चालते, पाऊस सडासड पडतो. ‘‘आता कार्टूनसारखं वाटतं,’’ तो खूश होऊन म्हणाला. काका तेव्हा पेपर परत द्यायला आले होते. ‘‘अरे, मग काल सांगायचं ना,’’ म्हणत त्यांनी चष्मा लावला, आणि ते बटण कुठे असते ते त्याच्याकडून नीट समजून घेतले.